साहेब, रांजण आणि पुंडलिकरावांचं बियाणं

माझ्या घरातून पाणी गळतं ही बातमी पसरली तेव्हा सर्वांत जास्त आनंद माझ्या कचेरीत झाला. मी पाण्याच्या खात्यात कारकून आहे. खात्याचं पूर्ण नाव लिहीत नाही आणि गावाचंही लिहीत नाही. कोणाला भितो म्हणून नाही. त्यातले बहुतेक लोक अजून नोकरीत आहेत, नाव वाचलं तर उत्तर लिहायला बसतील, आणि एवढं काम करायची त्यांना सवय नाही. भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्र्याऐंशीचा मे महिना, एवढं पुरे. चौदा वर्षं मी सरकारी कागदावर ‘गळती’ हा शब्द सुवाच्य अक्षरात लिहीत आलो. तो शब्द माझ्याच माडीवरून टपटप खाली पडायला लागला तेव्हा बडे बाबू म्हणाले, “तुम्ही आपल्याकडंच अर्ज करा. सहा वर्षांत नंबर लागेल.” कचेरी हसली. मी हसलो नाही. 

गोष्ट माशांची आहे. माझी बायको मंदा हिला नागपूरच्या दुकानातली काचेची पेटी आवडली आणि मी ती आणली. लोखंडी चौकट, पत्र्याचा तळ, चारी बाजूंनी काच, आत पाच सोनेरी मासे. त्यातला सर्वांत मोठा मासा दिवसभर तोंड उघडायचा, मिटायचा आणि काहीच बोलायचा नाही. त्याचं नाव आम्ही ‘साहेब’ ठेवलं. आमच्या कचेरीतल्या साहेबांशी ह्याचा काही संबंध नाही असं मी तेव्हा सांगत असे. आता सांगत नाही.

होळीला पाच मासे होते. एप्रिल संपता संपता दोन राहिले. आमच्याकडं एप्रिलपासूनच पत्र्याच्या माडीवरचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, त्यात मासा जगेल कसा? तिसरा मासा पोट वर करून तरंगला त्या दिवशी मंदा जेवली नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच होतो. तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “तुमी एवढे पुस्तकं वाचता. पाणी थंडं कसं ठेवाचं हे एकाही पुस्तकात नाई का?”

मॅट्रिकच्या पुढं मला कोणी शिकवलं नाही. जे येतं ते वाचनालयातल्या कपाटांतून उपसलेलं आहे, आणि अशा माणसाला कोणी पुस्तकावरून डिवचलं की तो काहीही करून बसतो. मी यंत्रणा बनवली. पेटीच्या स्टँडखाली मातीचा मोठा रांजण ठेवला, तो जुन्या कूलरच्या तळपत्र्यात ओल्या वाळूत अर्धा पुरला. पेटीच्या तळाला भोक पाडून एक उभा पाइप बसवला, त्याचं वरचं तोंड पेटीतल्या पाण्याच्या उंचीला. पाणी चढलं की पाइपाच्या तोंडातून खाली रांजणात पडणार, रांजणात थंड होणार, आणि कूलरचा पंप ते रबरी नळीतून पुन्हा वर चढवणार. कूलरचा पंप माशांना गेल्यामुळं कूलर बंद पडला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात ज्यांना थंडावा मिळाला ते दोघंही पोहत होते.

मी रांजण काठोकाठ भरला. मंदा दारात उभी होती. “अजी, एवढा कायले भरता? थोडा रिकामा ठेवा ना.”

“जास्त पाणी, जास्त थंड,” मी म्हणालो. “हे शास्त्र आहे.”

ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मी संमती समजलो. नवऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत जुनी असावी.

पंप सुरू केला. साहेब जागचा हलला, थंड पाण्याच्या धारेखाली गेला आणि तिथंच उभा राहिला. मंदा हसली. यंत्रणा यशस्वी झाली होती. फक्त तिचे तीन दोष होते. एक, पाइपातून पाणी जाताना म्हैस पाणी पिते तसा आवाज यायचा, मध्येच ती दम घ्यायची, मग पुन्हा गुडगुड. दोन, पाणी वरून रांजणात आदळायचं आणि शिंतोडे भिंतीपर्यंत उडायचे. तीन, तळाच्या जोडातून थेंब गळायचा. आणि ह्या सगळ्याच्या खाली, माडीच्या फळ्यांच्या बरोबर खाली, घरमालक पुंडलिकरावांची बांबूची ढोली, म्हणजे कणगी, होती. ढोलीत पुढच्या पेरणीचं धानाचं बियाणं होतं.

पुंडलिकराव वाईट माणूस नाही. माझ्या लिखाणात चांगला घरमालक पहिल्यांदाच येतो आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो. ते वर आले, रांजणाकडं पाहिलं, पाइपाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “बाबूजी, बियाण्याले पानी लागलं का ते उगवते. त्याले समजत नाई का आपुन ढोलीत हावो का शेताच्या बांधीत. घरचं बियाणं हाये, माह्या बापाच्या वेळचं. बंद करा हे.”

“बंद केलं तर मासे मरतील.”

“चालू ठेवलं त बियाणं मरंल.” ते जिना उतरून गेले. दोघंही खरं बोललो होतो, त्यामुळं भांडताही आलं नाही.

शिंतोड्यांवर पहिला उपाय शेजारच्या यादोरावांनी सांगितला. यादोराव निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लखोटे बंद केले, त्यामुळं जगातली कुठलीही अडचण तोंड बंद केल्यानं मिटते असं त्यांचं मत. “रांजणावर झाकण ठेवा आन कणकेनं लिंपून टाका. शिंतोडा बाहीर येईनच कसा?” मला पटलं. मला पटलं हे लिहिताना आजही राग येतो. आम्ही झाकणाला पाइपापुरतं, नळीपुरतं आणि वायरपुरतं भोक पाडलं, सगळं कणकेनं लिंपलं आणि यादोराव पेटीसमोर पाटावर मांडी घालून चहा घेत बसले. शिंतोडे थांबले. आवाजही थांबला. यादोराव म्हणाले, “पहा.”

मी पाहिलं. पाइपातून पाणी खाली जाणंच थांबलं होतं. रांजणात कोंडलेली हवा त्याला आत घेईना. पंपाला हे कोणी सांगितलं नव्हतं, तो इमानानं पाणी वर चढवत होता. पेटी भरली, काठ ओलांडला, आणि चारी बाजूंनी पाणी उतरायला लागलं. त्याच्याबरोबर साहेबही उतरला. तो सरळ यादोरावांच्या धोतराच्या ओच्यात पडला आणि तिथं त्यानं आपली सगळी ताकद दाखवली. चाळीस वर्षांच्या सरकारी सेवेत यादोराव एवढे चपळ कधी झाले नसतील. मंदानं साहेबाला ओंजळीत उचलून पेटीत सोडलं, मी झाकण उचकटलं. मग ती यादोरावांना म्हणाली, “भाऊजी, लागलं त नाई ना?” हे तिनं कोणाबद्दल विचारलं ते आजवर ठरलेलं नाही.

खालून पुंडलिकरावांचा आवाज आला. ते ओरडले नव्हते. त्यांनी फक्त माझं पूर्ण नाव घेतलं.

जोडाच्या गळतीसाठी मी श्यामराव प्लंबरला बोलावलं. श्यामरावचं तत्त्व एकच, सुतळी गुंडाळायची, सफेदा लावायचा आणि पान्हा आवळायचा. थेंब थांबला नाही की आणखी आवळायचा. तिसऱ्यांदा आवळल्यावर पत्र्याच्या तळाला झाळलेल्या जोडाला केसाएवढी चीर पडली आणि जिथून थेंब पडत होता तिथून धार लागली. श्यामरावनं चिरेकडं बराच वेळ पाहिलं. “माल हलका हाये,” तो म्हणाला. माझ्या देशात काम बिघडलं की माल हलका असतो, हे मी चौदा वर्षं कागदोपत्री पाहत आलो होतो. तरी मी ओरडलो. श्यामरावनं चीर मेणानं बुजवली, पैसे घेतले नाहीत आणि मान खाली घालून गेला. एवढी लाज आमच्या कचेरीत एकाला जरी असती तर जिल्ह्यात दोन पिकं निघाली असती.

ओसरीतून गल्लीत गेलेलं पाणी पाहून नळ विभागाचा निरीक्षक आला. त्याला बेकायदा नळजोडणीचा संशय.

“हे पाणी कुठलं?”

“नळाचंच. आठ दिवसांपूर्वीचं. तेव्हापासून तेच फिरतं आहे.”

“फिरतं म्हणजे?”

“वरून खाली येतं, खालून वर जातं.”

त्यानं फॉर्म उघडला. “पाणी फिरवण्याची परवानगी?”

मी नियम विचारला. नियम त्याला ठाऊक नव्हता, मलाही नव्हता, पण मी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात विचारला म्हणून तो फॉर्म माझ्याच हातात देऊन म्हणाला, “दुरुस्ती करून घ्या, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही भरून सोमवारी द्या. नाहीतर नळ कापीन.”

आणि शुक्रवारी दुपारी लाईट गेली. पंप थांबला. माशांना धारेचा त्रास होऊ नये म्हणून मी रबरी नळीचं टोक पेटीच्या तळापर्यंत बुडवून ठेवलं होतं. पंप थांबताच त्याच नळीतून पाणी उलटं खाली ओढायला लागलं. पेटी रिकामी होत गेली, रांजण आधीच काठोकाठ, आणि सगळं पाणी फळ्यांच्या फटींतून ढोलीत. मी धावत येऊन नळी उपसली तेव्हा पेटीत वीतभर पाणी उरलं होतं आणि दोन्ही मासे आडवे पडून श्वास घेत होते.

पुंडलिकरावांनी ढोलीच्या वरच्या थरातलं मूठभर धान आणून माझ्या तळहातावर ठेवलं. ओलं होतं. “वरचं काढून वाळू घातलं. खालचं बचावलं. सोमवारी मी ढोलीपाशी बसतो. एक थेंब पडला त मासे वैनगंगेत सोडा आन सामान ओट्यावर ठेवा. मले वाईट वाटते बाबूजी, पण पेरावं लागते.”

मंदानं त्याच संध्याकाळी सानगडीकडं परतणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर आपल्या मामाला निरोप धाडला. मला विचारलं नाही. शनिवारी सकाळी खुशालमामा एस.टी.तून उतरले. हातात आंब्यांची पिशवी, खिशात तंबाखूचा खर्रा, डोक्याला टापशी. सानगडीच्या पुढं चार कोसांवर त्यांचं खेडं. मी त्यांना लग्नकार्यातच पाहिलेलं, आणि खरं सांगतो, मला राग आला. मी पुस्तकं चाळली, प्लंबर आणला, आणि आता हा टापशीवाला माणूस मला पाइप शिकवणार?

मामांनी काहीच शिकवलं नाही. त्यांनी पाट मागितला, पेटीसमोर बसले आणि पाहत राहिले. पाइपाला कान लावला. बोट ओलं करून पाइपाच्या तोंडाशी धरलं. जेवायला हाक मारली तर म्हणाले, “थांब बाई, पानी बोलून राह्यलं.” दुपार झाली. मी त्यांच्यामागं उभा राहून कंटाळलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. एखादा माणूस इतका वेळ काही न करता इतकं काम करू शकतो हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आमच्या कचेरीत पहिला अर्धाच भाग होतो.

चार वाजता ते बोलले. “जवाई, पानी आन हवा एकाच दारातून घुसून राह्यले. दोघंही अडते. मंग कधी हा ढकलते, कधी तो. हवेले तिचं दार द्या.”

त्यांनी परसातल्या पपईचा एक पोकळ देठ तोडून आणला, दोन्हीकडून छाटला आणि पाइपाच्या तोंडात असा उभा धरला की खालचं टोक पाइपात आत आणि वरचं टोक पाण्याच्या वर. तारेनं बांधला.

म्हैस गप्प झाली. आठ दिवस घरात कोंडलेला तो आवाज एका देठानं थांबला. मंदा माझ्याकडं पाहत होती. मी पपईकडं पाहत होतो.

“तलावात तुडुम असते,” मामा म्हणाले. पाणी शेतात सोडायचं दार, त्याला आमच्या झाडीपट्टीत तुडुम म्हणतात. “त्यालेही हवेची वाट ठेवा लागते. नाई ठेवली त पार हालते, सारा बांध हालते.”

मग शिंतोडे. पाइपाच्या खालच्या तोंडाला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा जोडला, टोक विळ्यानं तिरकं कापलं आणि रांजणाच्या आतल्या भिंतीला टेकवून बोटभर पाण्यात बुडवलं. “पानी पाडाचं नसते. उतरवाचं असते. म्हातारीले बैलबंडीतून उतरवता तसं.” मग जोड. श्यामरावची सुतळी सोडवली, मेण खरवडलं, चिरेच्या दोन्ही बाजूंनी ट्यूबचेच दोन गोल वायसर घातले आणि हातानं फिरवून घट्ट केलं. पान्हा मी पुढं केला तर बाजूला सारला. “हातानं बसते तेवढंच बसवा. रबर आपलं काम करते, त्याचा जीव घेऊ नका.” मग रबरी नळीला, वरच्या पाण्याच्या जरासं खाली, तापलेल्या सुईनं एक छिद्र पाडलं. लाईट गेली, पाणी छिद्रापर्यंत उतरलं की हवा शिरेल आणि ओढ तुटेल.

शेवटी त्यांनी रांजणातून चार बादल्या पाणी काढायला लावलं आणि आत कोळशानं रेघ मारली. “याच्या वर भराचं नाई. वरचं पानी कधी ना कधी खाली येते. त्याले बसाले जागा पायजे. काठोकाठ कोनं भरला होता?”

मंदानं भांडी घासायला घेतली. फार जोरात घासली.

सोमवारी सकाळी फॉर्म भरायला बसलो. मी पेन उघडलं. “मामा, पूर्ण नाव?”

“खुशाल तानबा कापगते. हुद्दा लिहा, पाणकर.”

गावाच्या तलावाचं पाणी शेताशेताला वाटून देणारा तो पाणकर. मी ‘खुशाल तानबा’ लिहिलं आणि हात थांबला. हे नाव मी आधी लिहिलं होतं. तीनदा. ‘तलावाचे तुडुम फुटून पाणी वाया जात असल्याबाबत आपला अर्ज मिळाला. कार्यवाही सुरू आहे.’ सहा वर्षांत तीन अर्ज, तीन उत्तरं, तिन्ही माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. फाईल माझ्या टेबलाच्या डाव्या कप्प्यात होती आणि तिच्यावर माझा डबा ठेवलेला असायचा.

मी वर पाहिलं. मामा खर्रा मळत होते.

“तुमाले ठाऊक होतं?”

“सई वळखतो ना मी. अक्षर लय चांगलं हाये तुमचं.” ते टोमणा मारत नव्हते, हेच वाईट होतं. “तलाव माघातच आटते आता. म्हणून त दुपारभर बसाले येळ हाये मले.”

मी स्वतःला बरंच धारदार समजत आलो. पेपरांना पत्रं लिहिली, साहेबांना तोंडावर बोललो, खात्याची लक्तरं टांगली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या लक्तरांत माझाही एक सदरा आहे.

अकरा वाजता पुंडलिकराव ढोलीलगत बाज टाकून पालथ्या जगाकडं पाहावं तसे वर तोंड करून पडले. निरीक्षक आला, श्यामराव आला, यादोराव धोतर आवरून लांब उभे राहिले. साडेअकराला पुन्हा लाईट गेली. पंप थांबला. पेटीतलं पाणी सुईच्या छिद्रापर्यंत उतरलं, नळीनं एक घोट हवा घेतली आणि थांबली. रांजणातलं पाणी रेघेवरून चढलं, चढलं, काठाच्या दोन बोटं खाली येऊन स्थिर झालं. खालून पुंडलिकराव म्हणाले, “गेली का लाईट?”

“गेली.”

“मंग पानी कुठं हाये?”

“बसलं आहे,” मी म्हणालो.

ते तासभर तसेच पडून राहिले. त्यांना झोप लागली असं यादोरावांचं मत, पण थेंब पडला असता तर तोंडातच पडला असता, म्हणून पुरावा पक्का धरला गेला. उठून ते वर आले आणि मामांना म्हणाले, “पावनं, आज माह्याकडं जेवा.”

निरीक्षकानं फॉर्म पाहिला. “पाणकर हा हुद्दा यादीत नाही. अधिकृत प्लंबरची सही पाहिजे.” मी तोंड उघडणार एवढ्यात श्यामराव पुढं आला. त्यानं वाकून जोड पाहिला, वायसरवरून बोट फिरवलं, पपईच्या देठाकडं बराच वेळ पाहिलं. मग फॉर्म घेऊन अधिकृत प्लंबरच्या जागी सही केली आणि तिच्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘काम यांनी केले. मी पाहिले. मले जमले नसते.’ सरकारी फॉर्मवर इतकं खरं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. निरीक्षकानं तो फाईलला लावला.

जेवणं झाल्यावर मामांना मी एस.टी.त बसवलं आणि कचेरीत गेलो. डबा उचलला, खालची फाईल काढली. बडे बाबू म्हणाले, “काय, घरची गळती थांबली?” मी म्हणालो, “थांबली. आता तुमची.” आणि सरळ साहेबांच्या खोलीत शिरलो. फाईल त्यांच्यासमोर उघडून ठेवली. सगळ्यांत वर मी तयार केलेलं टिपण होतं, दोन ओळींचं. तिन्ही उत्तरं खोटी होती आणि ती मी लिहिली होती. तुडुम ह्याच उन्हाळ्यात बांधायचं आहे, आणि ते कसं बांधायचं हे अर्जदाराला येतं.

साहेबांनी वाचलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

मी खुर्ची ओढली आणि समोर बसलो. घाई नव्हती. दोन दिवसांपूर्वीच मी एका माणसाला दुपारभर पाण्याकडं पाहत बसलेलं पाहिलं होतं.